पाक तोच, चकती वेगळी

(दृश्य : भट्टीवरची कढई, उकळता पाक)

होळी जवळ आली की खान्देशात हार-कंगन करणाऱ्यांच्या भट्ट्या पेटतात. साखरेचा पाक घोटून साच्यात ओतला की पांढरा, दाणेदार हार निघतो. तोच पाक कडक करून थंड फरशीवर पसरा, काचेसारखा आरपार दिसेल. साखर तीच, तिच्या कणांना रांगेत बसायला सवड मिळाली की नाही, एवढाच फरक.

(दृश्य : हातात राखाडी सीडी)

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या या सीडीच्या पोटातही पाकच आहे म्हणा ना. चांदी, इंडियम, अँटिमनी, टेल्युरियम यांचा थर, जाडी 20 नॅनोमीटरच्या आसपास. मिलिमीटरचे 50 हजार भाग करा, त्यातला एक. लेझरचा जोरदार ठोका बसला की त्यातला एक ठिपका वितळतो. लेझर सरताच शेजारचे थर उष्णता ओढून घेतात आणि ठिपका अब्जांश सेकंदांच्या हिशेबात गोठतो. अणू जिथल्या तिथे अडकतात. ठिपका काळसर दिसतो. पुसायचं असेल तर आच थोडी कमी: वितळू द्यायचं नाही, नुसतं तापवायचं. अणू रांगेत येतात, ठिपका उजळतो. वाचताना लेझर इतका क्षीण की थराला धक्काही लागत नाही.

1968 मध्ये अशा, अणू रांगेत नसलेल्या विस्कळीत पदार्थांची अवस्था विजेनं पुन्हा पुन्हा बदलता येते हे जगापुढे मांडलं स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी. कॉलेज न केलेला, लेथवर हात बसलेला माणूस!

ठिपका जितका बारीक, तितका मजकूर जास्त. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, ब्लू-रे डिस्कचा 405. भिंगही ताकदीचं. ठिपक्यांच्या दोन रेघांमधलं अंतर 1.6 मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 0.32 वर आलं आणि 700 एमबीच्या जागी एका थरात 25 जीबी मावले.

(दृश्य : जळगावातलं घर, कपाटाचा खण)

भावाची हळद मी हौसेनं याच महागड्या सीडीवर उतरवली होती. घरच्या प्लेअरनं ‘नो डिस्क’ म्हणत तोंड फिरवलं. त्याचा तरी काय दोष? कारखान्यातून छापून आलेली सीडी 70 टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवते, ही 15 ते 25. कॉम्प्युटरवर मात्र हळद आजही स्वच्छ दिसते. मे महिन्यातले 45 अंश या थराच्या खिजगणतीत नाहीत.

लग्न मात्र शेजारच्या हिरवट, स्वस्त सीडीवर आहे. तिच्यात धातू वितळत नाही, सेंद्रिय रंग जळतो. आणि त्या रंगाला ऊन बाधतं. खिडकीतली दुपार रोज तिच्यावर पडायची. मंगलाष्टकांपर्यंत नीट चालते, मग चित्राचे चौकोन होतात आणि अंतरपाट काही केल्या खाली येत नाही.