हात हलला, बोलणं नाही आलं

(दृश्य : गडचिरोली जिल्ह्यातला रस्ता, दोन्हीकडे धानाच्या बांध्या)

आपल्याकडे खेड्यात कोणाला लकवा मारला की पहिले काही दिवस अख्खं घर एकच बघत असतं, हात उचलतो का, पाय टेकतो का. मालिश सुरू होते, कोणी लकव्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता सांगतं, कोणी नागपूरला न्या म्हणतं. महिन्या-दोन महिन्यांत हात थोडा हलायला लागला की लोक म्हणतात, चला, वाचला. आणि मग हळूहळू लक्षात येतं की माणूस बोलतच नाहीये, किंवा बोलतो ते भलतंच बोलतो, पाणी पाहिजे असताना चप्पल म्हणतो आणि आपण चप्पल आणून दिली की चिडतो.

हे काही एखाद्या घराचं नाही. गडचिरोलीत सर्च नावाच्या आरोग्य संस्थेने 86 गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, 2015 मध्ये तो छापून आला, आणि त्यात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं स्ट्रोक, म्हणजे आपला लकवा. मलेरिया नाही, टीबी नाही. मेलेल्यांची निदान मोजणी तरी झाली, पण जे वाचले, ज्यांचा हात हलला पण बोलणं, आठवण, लक्ष, स्वभाव यातलं काहीतरी गेलं, त्यांच्याकडे बघणारं माणूस जिल्ह्यात शोधावं लागतं. त्या कामाला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात, मेंदूला इजा झाली की मनाच्या कोणत्या कामावर परिणाम होतो ते तपासायचं आणि मग त्यावर इलाज करायचा.

(दृश्य : ओसरीवर खाटेवर बसलेले आजोबा, बाजूला सून)

गावात याला सरळ म्हणतात, बुढ्याचं डोकं गेलं. डोकं गेलेलं नसतं. 1861 साली पॅरिसजवळ बिसेत्र नावाच्या दवाखान्यात लेबोर्न नावाचा पेशंट होता, कित्येक वर्षं त्याच्या तोंडून फक्त "तान" एवढाच आवाज निघायचा, काहीही विचारा, तान तान. पण विचारलेलं त्याला बरंचसं समजायचं. तो वारल्यावर पॉल ब्रोका नावाच्या सर्जनने त्याचा मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. पुढे 1874 मध्ये कार्ल वेर्निकेने उलट्या प्रकारचे पेशंट मांडले, जे भराभरा बोलतात पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं त्यांना समजत नाही. या सगळ्याला अफेजिया म्हणतात. डाव्या मेंदूला मार बसला म्हणून उजवा हात आणि बोलणं दोन्ही सोबत जातं, म्हणून लकव्यात हे इतक्या वेळा दिसतं. इतकं जुनं ज्ञान आहे हे, आणि तरी आपल्या ओसरीवर बसलेल्या आजोबांना त्यांच्यासमोरच वेडा म्हटलं जातं आणि ते सगळं ऐकत असतात. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खुपतं.

आता शिकणाऱ्यांकडे येऊ. सायकॉलॉजीत एम.ए. केलेली आपल्या भागातली पोरं-पोरी क्लिनिकल सायकॉलॉजीला जातात, दवाखान्यात पेशंटसोबत दोन वर्षं काढायची, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच कोर्स पाहिजे, नाहीतर पुढे रजिस्ट्रेशन होत नाही. आधी हा कोर्स एम.फिल. होता, यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं आणि फक्त या विषयासारख्या मोजक्यांना 2025-26 पर्यंत मुदत दिली होती, त्यामुळे पोरं गोंधळली आणि ते साहजिक आहे. या कोर्समध्ये टेस्ट शिकवतात, आकडे उलटे म्हणा, पंधरा शब्दांची यादी पाठ करा, घड्याळ काढून काटे दाखवा. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेची 2004 ची बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच आहे, त्यात वय, शिक्षण आणि लिंगाप्रमाणे भारतीय नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे नेहमीचे मार्क दिलेत, तो मोठा आधार आहे.

पण खरं शिक्षण गावात सुरू होतं.

(दृश्य : वर्धा जिल्हा, अंगणात तूर निवडणारी आजी, समोर पोरगी वही घेऊन)

"आजी, आज तारीख काय आहे?"
"तारीख कायले पायजे बाई? काल सोमवारचा बजार झाला, परवा एकादस हाये."

कागदावर तारखेला शून्य मार्क. पण आजीला काळाचं भान पक्कं आहे, कालचा वार, परवाची तिथी, सगळं बरोबर. घड्याळ काढा म्हटलं तर ज्या हाताने आयुष्यभर निंदण केलं, कापूस वेचला, त्या हातात पेन्सिल पहिल्यांदाच येते, रेघ वाकडी जाणारच. मग ती वाकडी रेघ मेंदूची की शाळेत न गेल्याची, हे ज्याला ओळखता येत नाही तो आजीला डिमेंशिया, म्हणजे आठवण आणि समज कमी होत जाण्याचा आजार आहे असं लिहून मोकळा होईल. आणि उलटंही होतं, खरंच विसरायला लागलेल्या बाईला "वय झालं" म्हणून सोडून देतात. देशात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेंशियाचं प्रमाण 7.4 टक्के धरलं जातं, शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त, म्हणजे जिथे शाळा कमी तिथेच तपासणी जास्त लागणार आहे.

यावर रस्ता काढलेला आहे. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमधल्या न शिकलेल्या लोकांसाठी नव्वदच्या दशकात हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन नावाची आठवण-समज तपासायची टेस्ट बनवली. मूळ इंग्रजी टेस्टमध्ये कागदावरचं वाक्य वाचून डोळे मिटायचे होते, इथे तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि म्हणतो, मी करतो तसं करा. वाक्य लिहा ऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. मेंदूचं काम तेच तपासलं जातं, शाळेची अट निघून जाते. आपल्या पोरांनी वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत असं काम करावं, नुसतं भाषांतर नको, गोंडी बोलणाऱ्या माणसाला मराठीत तपासून त्याची भाषा गेली म्हणणं हा अन्याय आहे.

काही गोष्टींना तर टेस्टचा कागदही लागत नाही. उजव्या मेंदूला स्ट्रोक झाला की काही लोकांना डावी बाजू लक्षातच येत नाही, डोळे चांगले असतात तरी. ताटातली उजवीकडची भाजी संपवतात, डावीकडची भाकर तशीच, आणि म्हणतात मले कमी वाढलं. घरच्यांना वाटतं तऱ्हेवाईकपणा करतात. शिकलेली पोरगी ताट फिरवून ठेवते आणि बुढा उरलेलं जेवतो, घरच्यांना एका मिनिटात कळतं. मग खाटेच्या डाव्या बाजूने बोलायचं, डावीकडे लाल फडकं बांधून आधी ते शोधायला लावायचं, असा इलाज सुरू होतो.

(दृश्य : पऱ्हाटीच्या शेतात पाठीवर पंप घेतलेला मजूर)

विदर्भात आणखी दोन गोष्टी आहेत ज्या पुस्तकात कोपऱ्यात असतात आणि इथे समोर असतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त लोक मेले, शेकडो भरती झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नसांचा निरोप थांबवणारं एन्झाइम बंद पाडतात, आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जात राहिलं तर लक्ष, आठवण आणि कामाचा वेग कमी होण्याशी त्याचा संबंध बऱ्याच देशांच्या अभ्यासात दिसलाय. दुसरं सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्यात लहान मुलाच्या मेंदूत बाहेरून न दिसणारा छोटा स्ट्रोक होऊ शकतो, हात-पाय चांगले, पण पोरगं वर्गात मागे पडतं आणि मास्तर म्हणतात ध्यान देत नाही.

इलाजाबद्दल लोक विचारतात, गोळी आहे का. बहुतेक वेळा सराव आहे, आणि तो घरच्यांनाच करावा लागतो. भजनी मंडळातला माणूस लकव्यानंतर एक वाक्य बोलू शकत नाही पण खंजिरी वाजली की अख्खं कडवं म्हणून जातो, घरच्यांना वाटतं नाटक करतो. नाटक नाही, चालीवर म्हणणं आणि स्वतः जुळवून बोलणं ही मेंदूची वेगळी कामं आहेत. 1973 पासून याच गोष्टीवर बेतलेली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी आहे, हातावर ताल धरून "पाणी दे" चालीत म्हणायचं, मग चाल हळूहळू काढायची. सगळ्यांना लागू पडत नाही, ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांना जास्त. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भरभर होते, पण बोलणं पुढे वर्षानुवर्षं सुधारू शकतं, म्हणून सहा महिने झाले आता काय होणार असं म्हणून थांबू नका. आणि स्ट्रोक झालेल्या साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, बोलता न येणारा माणूस ते सांगणार कसं, म्हणून सुनेला विचारायचं, रडतात का, जेवण सोडलं का.

शेवटी कागदाचं बोलू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात अफेजियामुळे कायमचं गेलेलं बोलणंही येतं आणि सिकलसेलही येतं. गावात बहुतेकांना वाटतं सर्टिफिकेट फक्त हात-पायाचं मिळतं, त्यामुळे हात सुधारला की अर्जच करत नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग बोर्डाकडे जाताना स्ट्रोकची सगळी कागदं, स्कॅन आणि भाषेच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत न्या, आणि तो रिपोर्ट पेशंटच्या स्वतःच्या बोलीत तपासणी करून लिहिलेला आहे का ते आधी विचारून घ्या.