होडीत बसणारं कुत्रं

मंडळी, टेबलाशेजारी जे ओलं पोतं ठेवलंय त्याला कुणी हात लावू नका. त्यात पस्तीस किलो वाळू आहे आणि ते मी मुद्दाम भिजवून आणलंय. त्याचं काम शेवटी आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा, की नदी-तलावाकाठी राहणाऱ्यानं आणि होडी बाळगणाऱ्यानं कुठल्या जातीचं कुत्रं पाळावं. पत्रिका बघून एकानं मला विचारलं, "हे धरणाकडेला फार्महाऊस घेतलेल्यांसाठी आहे काय?" अजिबात नाही. हा विषय आपल्या कोल्हापूरजवळच्या चिखलीचा आहे, आंबेवाडीचा आहे, शिरोळ तालुक्यातल्या निम्म्या घरांचा आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा गेली. म्हणजे मालकाला होडीची हौस असो नसो, नदीकाठच्या कुत्र्याला आयुष्यात एकदा तरी होडीत बसावं लागतंच. ते बसेल का, आणि पडलं तर वर येईल का, हे पिल्लू आणतानाच ठरलेलं असतं.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे आणि २०१९ पासून मी ते भेटेल त्याला सांगतोय. जे कुत्रं तुम्हाला होडीत बसल्या जागेवरून, एकट्याला, पाण्यातून वर ओढून घेता येत नाही, ते पाण्याकाठी पाळू नका. जात, रंग, कागदपत्रं हे सगळं त्याच्यानंतर.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. हे मला सर्जानं शिकवलं.

सर्जा म्हणजे माझा लॅब्राडोर. २०१० साली आणला. पिल्लू देणारा माणूस मला म्हणाला होता, "साहेब, हे पाणकुत्रं आहे. पाण्यात सोडा आणि बिनघोर ऱ्हावा." ते वाक्य मी नऊ वर्षं खरं मानून चाललो, आणि त्याचा मला आजही राग येतो. कारण ते वाक्य अर्धंच खरं आहे. लॅब्राडोर पोहतो, उत्तमच पोहतो. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांबरोबर राहायचे, जाळी ओढायचे, गळातून सुटलेले मासे धरून आणायचे. बोटांमध्ये पडदा, अंगावर दुहेरी केस, जाड शेपटी, हे सगळं त्याला तिथूनच आलं. सर्जा घाटावर उतरला की पोरं कडेला उभी राहून बघायची. नारळ टाकला की गेलाच. पण पोहता येणं वेगळं आणि होडीत बसता येणं वेगळं, हे मला त्या माणसानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टातली ती सकाळ. आदल्या रात्री पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं, उजाडेपर्यंत जोत्याला लागलं. आम्ही माडीवर. आई, मी, बायको, आणि सर्जा. नऊ वर्षांचा, एक्केचाळीस किलोचा. वजन जास्त होतं हे कबूल करतो, दुधाच्या सायीची सवय मीच लावली होती. रबरी बोट आली. पोरं चांगली होती, "कुत्र्यालाबी घ्या, आज्जीला त्याच्याबिगर करमायचं नाही," असं त्यांनीच म्हटलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून आम्ही बोटीत उतरलो.

इथं जरा बारकाईनं ऐका. रबरी बोटीचा तळ पायाखाली हलतो. माणूस बसला की शेजारची जागा फुगते. कुत्र्याला चार पाय, चारही पायांखाली वेगवेगळी जमीन. सर्जा थरथरायला लागला. नऊ वर्षं पाण्यात खेळलेलं कुत्रं, पण त्याच्या हिशोबानं पाणी बाहेर होतं आणि इथं जमिनीनंच दगा दिला होता. मग त्यानं, त्याच्या दृष्टीनं, शहाणपणाचं केलं. ओळखीच्या पाण्यात उडी मारली. सोनतळीच्या दिशेनं निघालो होतो, खाली उसाचं रान, वर फक्त आंब्याचा शेंडा दिसत होता, आणि हा गढूळ पाण्यात.

इंजिन बंद केलं. तो लगेच बोटीशी आला, पुढचे पाय रबरावर टाकले. मी गळ्यातला पट्टा धरून ओढलं, तर पट्टा कान घासत डोक्यावरून निघून माझ्या हातात आला. दोघांनी मानगूट धरली. कातडी हातात येते, कुत्रं येत नाही. कारण त्याचं मागचं अंग पाण्याबरोबर बोटीखाली सरकत होतं. आपण वर ओढतोय आणि नदी खाली ओढतेय, मधे ते. त्यात तिघंही एका बाजूला झुकलेलो, बोट कलंडायला लागली. बोटीवरचा पोरगा ओरडला, "काका, सोडा त्याला, समद्यास्नी बुडवशीला!" त्याचं बरोबर होतं. मी सोडलं नाही, पण त्याचं बरोबर होतं.

आईनं यातून वाट काढली. ती सत्याहत्तर वर्षांची, बोचकं मांडीवर घेऊन बसलेली. तिनं बोचक्यातनं जुनं लुगडं काढलं आणि म्हणाली, "पोटाखालनं घाल की रं. रेडकू विहिरीतनं काढतोस तसं." एका पोरानं बोटीबाहेर अर्धं लोंबकळून लुगड्याचा पट्टा सर्जाच्या पोटाखालून घेतला, मागच्या मांड्यांच्या पुढं आणला, आणि दोघांनी मिळून, बोटीच्या बाजूनं नव्हे, मागच्या टोकावरून त्याला आत घेतलं. सगळ्याला किती वेळ गेला असेल? दहा मिनिटं. त्या बोटीची वाट बघत पुढच्या गल्लीत एक बाळंतीण माडीवर होती. हे मला नंतर कळलं, आणि त्यावर मी अजून नीट झोपू शकत नाही. ती सुखरूप निघाली. सर्जाही त्यानंतर दोन वर्षं जगला, मागच्या पायानं लंगडत.

आणि त्याच सकाळी, आमच्या मागून, शेजाऱ्यांची काहील आली. काहील म्हणजे गुऱ्हाळातली, हे इथं सांगायला नको. ज्या काहिलीत गूळ शिजतो तीच पुरात आपली होडी होते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला पटत नाही. गोल तळ, ना नाळ ना सुकाणू, वल्हं मारलं की पुढं जायच्या आधी गरागरा फिरते. त्या काहिलीत मधोमध त्यांचं गावठी कुत्रं, टिपू. चौदा-पंधरा किलोचं, तांबूस, एक कान पडका. काहील फिरत होती आणि ते वेटोळं करून, हनुवटी मालकाच्या पायावर टेकवून पडलं होतं. त्याला पाणी आवडत नव्हतं. पाणी आवडत नव्हतं म्हणूनच ते बाहेर उडी मारत नव्हतं! सोनतळीच्या रस्त्याला लागल्यावर मालकानं त्याला एका काखेत घेतलं, दुसऱ्या काखेत पोरगी, आणि उतरला.

तेव्हापासून मी लोकांना विचारतो, तुम्हाला पाण्यावर प्रेम करणारं कुत्रं पाहिजे की होडीत थांबणारं? शिकारी कुत्र्यांची घडण बगळा उडाला की झेपावायची. तुम्ही रंकाळा तलावावर होडीत बसा, पाणकोंबडी फडफडली की तुमचा रिट्रीव्हर, म्हणजे लॅब्राडोरसारखं शिकार उचलून आणणारं कुत्रं, बाहेर. त्यात त्याचा दोष नाही, दीडशे वर्षं माणसानं त्याला तेच शिकवलंय. आणि ज्यांना होडीतून शिकार करायची होती, त्यांनी मुद्दाम लहान कुत्री घडवली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात बॉयकिन स्पॅनियल आहे, ११ ते १८ किलोचं, नदीतल्या अरुंद होड्यांसाठीच केलेलं. विस्कॉन्सिनच्या तलावांवर अमेरिकन वॉटर स्पॅनियल, तेही वीस किलोच्या आतलं. बेल्जियमच्या कालव्यांवर मालवाहू पडावांवर राहणारं शिपर्के तर आपल्या मांजराहून थोडं मोठं. त्या लोकांनाही एखाद्या जड कुत्र्यानं पाण्यातून वर ओढताना दमवलं असणार, म्हणून ते या वजनावर आले.

आता तुम्ही म्हणाल, हा गावठी कुत्र्याचं कौतुक करायला उभा राहिलाय. हो. उभा राहिलोय.

पण आधी मुधोळचं बोलू, कारण कोल्हापुरात कुत्र्यावर बोलायचं आणि मुधोळ-कारवानी या आपल्या शिकारी जातीवर बोलायचं नाही, असं होत नाही. मला ती जात जिवापाड आवडते. टपाल खात्यानं २००५ मध्ये तिच्यावर तिकीट काढलं तेव्हा मी शंभर तिकिटं आणून मित्रांना वाटली. माळावर ससा धरताना तिला बघावं, डोळ्याचं पारणं फिटतं. पण ती माळाची आहे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, पाण्यात लवकर गारठते. पाय लांब, त्यामुळं हलत्या तळावर उभं राहताना लटपटते. आणि डोळ्यावर चालणारं कुत्रं ते, काठावर काही हललं की त्याला दुसरं काही सुचत नाही. ज्यानं मुधोळ पाळलंय त्यानं त्याला मोकळं रान द्यावं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भरभर सांगतो.

न्यूफाउंडलंड हे बुडत्याला काढणारं कुत्रं म्हणून जगभर नावाजलंय, खरंही आहे, पण नर पासष्ट-सत्तर किलोचा, अंगावर गालिचा. मे महिन्यात त्याला इथं ठेवणं म्हणजे छळ. पोर्तुगीज वॉटर डॉग खरं कोळ्यांच्या होडीतलं, माशांना जाळ्याकडं हाकणारं, एका होडीतून दुसरीकडं निरोप नेणारं. वजन वीस-पंचवीस किलो, स्वभाव उत्तम. पण इथं मिळणं मुश्कील, आणि त्याचे कुरळे केस महिन्याला कातरायला कोण बसणार? गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्राडोर घ्यायचंच असेल तर मादी घ्या, वजन तीसच्या खाली ठेवा, साय बंद. कॉकर स्पॅनियल बारा-पंधरा किलोचं, इथं मिळतं, होडीत शोभतं, पण त्याचे लोंबते कान ओले राहिले की हमखास कान फुटतो. दर वेळी आतून कोरडे करायचे असतील तरच घ्या. बीगल वजनानं बसतं, पण वास लागला की उडी. पग आणि बुलडॉग पाण्याकाठी आणूच नका. नाक चपटं, उन्हात धापा टाकतात, आणि बुलडॉगचं पुढचं अंग इतकं जड की ते दगडासारखं बुडतं. हस्कीवाले हात वर करा. मागच्या रांगेत दोघं आहेत. तुम्ही मला चहाला भेटा, त्याच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं बोलायचंय.

आणि गावठी. बारा ते वीस किलो. आखूड केस, दोनदा अंग झटकलं की कोरडं. ऊन आणि पाऊस इथलाच. नवीन जागी आधी थांबून बघतं, मग पाय टाकतं, आणि होडीत हाच गुण लागतो. पिल्लू मादी घ्या, लस द्या, वेळेत नसबंदीचं ऑपरेशन करा. फुकट मिळतं म्हणून त्याला कमी लेखू नका.

आता जातीपेक्षा जास्त महत्त्वाचं, दोन मिनिटांत. होडी आधी अंगणात कोरड्यात ठेवा, तळाला गोणपाट टाका, म्हणजे नखं घसरत नाहीत आणि पत्रा पोळत नाही. तिथं बसवून भाकरी चारा, आठवडाभर. मगच पाण्यात. लाइफ जॅकेट घ्या, पाठीवर मूठ असलेलं. आपण पोरांना पवायला शिकवताना पांगिऱ्याचा बिंडा बांधतो ना, मग कुत्र्याला काय धाड भरली आहे? त्या मुठीला धरून, होडीच्या मागच्या टोकाकडून आत घ्या. साखळी होडीला कधी बांधू नका, होडी उलटली तर ते खालीच राहील. कळंबा तलावात कुत्रं घालू नका, ते पाणी शहर पितं. उन्हाळ्यात तलावावर हिरवी साय दिसली की कुत्र्याला त्यातलं पाणी चाटूही देऊ नका, काही शेवाळं विषारी असतं, कुत्रं तासाभरात जाऊ शकतं. जलपर्णीत पाय गुंततात, तिथंही नको. कृष्णेत आणि वारणेत मगरी आहेत, तिथं संध्याकाळी कुत्रं काठाला मोकळं सोडणं म्हणजे आमिष लावणं. आणि पुराच्या पाण्यातून आलेल्या कुत्र्याला लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस वर्षाला पाहिजेच. उंदराच्या मुतातून तो रोग त्याला होतो आणि त्याच्यातून तुम्हालाही होऊ शकतो.

वेळ संपली. प्रश्न बाहेर चहाला घेऊ. पण ज्यांनी यंदा लॅब्राडोर घ्यायचं ठरवलंय ते आधी पुढं या. इथं या खुर्चीवर बसायचं, उठायचं नाही, आणि ते पोतं खालून एका हातानं मांडीवर घ्यायचं. पोतं धडपडत नाही, नदी त्याला खाली ओढत नाही, एवढी सवलत आहे. या, कोण येतंय?