येसर, मोसंबी आणि बिअरचा ग्लास

[दृश्य : लांब टेबल. ओळीनं मांडलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाट्या. हात एकेक झाकण उघडतात.]

या वाट्यांमधलं काहीही खायचं नाही, फक्त हुंगायचं आहे. काळी मिरी, लवंग, मोसंबीची साल, काळं पडत चाललेलं केळं, जांभळाचा गर, काकवी, घरचं लोणी, हिंग, पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. आणि अगदी कडेच्या वाटीत भाजक्या धान्य-मसाल्यांचं येसर.

छत्रपती संभाजीनगर, सिडको. रविवारची दुपार. टेबलाभोवती बसलेल्यांत बँकेत काम करणारी माणसं आहेत, एक जोडपं आहे, जालन्याहून आलेला एक द्राक्ष बागायतदार आहे, आणि बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. वाइन आणि बिअर चाखायची कशी, हे शिकायला हे सगळे जमलेत. वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणतात.

[दृश्य : ताई ग्लासात वाइन ओततात. ग्लासाचा तळ जेमतेम भरतो.]

एका वेळी ओतायची ती एवढीच, साधारण 50 मिलि. चाखून झालं की थुंकायला प्रत्येकाच्या उजव्या हाताला पिकदाणी. एकवीस पूर्ण नसलेल्याला प्रवेश नाही आणि परवाना असल्याशिवाय ग्लास मिळत नाही. ताईंचा पहिला नियम फळ्यावर लिहिलेला दिसतो : "वहीत 'छान' लिहायचं नाही. कसं छान, ते लिहायचं."

[दृश्य : वाळूज औद्योगिक वसाहत. ट्रकची रांग. पत्र्याच्या शेडमागं उभ्या चकचकीत टाक्या.]

हे शिक्षण याच शहरात का, त्याचं उत्तर वाळूजच्या रस्त्यावर मिळतं. देशात बिअर बनवणारी जी मोठी केंद्रं आहेत, त्यांत या शहराचं नाव फार वरचं. इथल्या कारखान्यांतून भरलेल्या बाटल्या लांबलांबच्या राज्यांत जातात. या शहरातल्या हजारो घरांची चूल या ना त्या प्रकारे त्या बाटल्यांवर पेटली. पण त्या बाटलीत काय आहे, ते कशापासून झालं, चांगलं कशाला म्हणायचं आणि बिघडलेलं कशाला, हे इथं कुणी कुणाला शिकवलं नाही. पिणं एक तर लपून, नाही तर घोटाघोटानं संपवून टाकायचं. चव घेण्याला मधे जागाच नव्हती.

काकांची सगळी नोकरी बाटल्या भरण्याच्या लाइनवर गेली.

[ध्वनी : काका – "ताई, लाखो बाटल्या डोळ्यासमोरून गेल्या बघा. पण वास घेऊन बघावा, असं कधी डोक्यातच आलं नाही."]

[दृश्य : ताई सगळ्यांना संत्र्याची गोळी वाटतात. सगळे नाक चिमटीत धरून गोळी तोंडात टाकतात.]

वर्गाची सुरुवात गोळीनं होते. नाक दाबलेलं असेपर्यंत गोळी नुसती गोड आणि आंबट लागते. आता चेहरे बघा.

[दृश्य : चिमटी सुटते. चेहऱ्यांचा क्लोजअप. निवेदन थांबतं, चार सेकंद.]

नाक सोडलं आणि संत्रं आलं. जीभ ओळखते ती मोजक्या चवी : गोड, आंबट, खारट, कडू, आणि डाळीच्या कटात किंवा मटणाच्या रश्श्यात जाणवतो तो भरीव रुचकरपणा. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला फार मोठा भाग घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. सर्दी झाली की जेवण मातीसारखं लागतं ते यामुळंच. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू, असा नकाशा आपण शाळेत पाहिला. तो चुकीचा आहे. या सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांवर कळतात.

ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. आधी नुसता वास, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा वास. फिरवल्यावर वाइन काचेवर पसरते, हवा लागते आणि वास मोकळा होतो. त्यानंतर छोटा घोट, तोंडभर फिरवायचा.

[दृश्य : पांढरी वाइन. बागायतदार वास घेतो, थांबतो, पुन्हा घेतो.]

[ध्वनी : "ढोबळी मिरची?" – ताई : "बरोबर! कापलेली, कच्ची."]

नाशिककडची सोव्हिन्यों ब्लां, त्याच नावाच्या द्राक्षाची वाइन. त्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचे तेच रेणू असतात, पायराझीन नावाचे. म्हणजे त्या दादांनी मारलेला अंदाज रसायनशास्त्रानंही बरोबर ठरतो.

परदेशी पुस्तकं उघडली की त्यात ब्लॅककरंट येतं, गूजबेरी येतं. मराठवाड्यात ती कुणी हुंगलीत? ज्याचा वास कधी घेतला नाही, ते ग्लासात सापडणार कसं? मग शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच काही कळत नाही, ही मोठ्या लोकांची गोष्ट. आमचं स्पष्ट म्हणणं आहे की माणसं या विषयापासून दूर राहिली, ती इथंच. ताईंनी पुस्तकातली नावं बाजूला ठेवली आणि वाट्या मांडल्या. ही पद्धत मुळातच शास्त्रशुद्ध आहे. 1984 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधक ॲन नोबल यांनी वाइनच्या वासांच्या शब्दांचं चक्र मांडलं, तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता, की प्रत्येक शब्दामागं हुंगून दाखवता येईल अशी खरी वस्तू हवी. त्यांच्या टेबलावर त्यांच्या बाजारातल्या वस्तू होत्या. या टेबलावर इथल्या गुलमंडी बाजारातल्या आहेत.

[दृश्य : लाल वाइन, शिराझ. वाटीतली काळी मिरी, मग ग्लास.]

शिराझमध्ये मिरी येते. कशामुळं, ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये शोधून काढलं. रोटंडोन नावाचं एकच संयुग, आणि तेच आपल्या मिरीतही असतं. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला त्याचा वास येतच नाही. या वर्गातही शिकायला आलेल्या एका बाईंना वाटीतली मिरी लगेच कळली, कारण मिरीत इतरही वास असतात. ग्लासातली मात्र काही केल्या सापडेना. त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही. नाकं वेगवेगळी असतात, आणि हे कळणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

मग तुरटपणा. कच्च्या जांभळानं तोंड आकसतं, तेच इथं होतं. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटते.

[दृश्य : अजिंठा, लेणं क्रमांक 1. छतावरचं चित्र. कॅमेरा हळूहळू वर.]

हा विषय मराठवाड्याला नवा नाही. पाचव्या शतकातलं हे छत बघा. उंच टोपी घातलेला परदेशी माणूस ऐसपैस बसलाय, हातात पेला, बाजूला सेवेला उभ्या स्त्रिया. त्याचे मोजे, त्याचा झगा, सगळं चित्रकारानं निरखून काढलंय. ज्यानं हे रंगवलं त्यानं अशी माणसं जवळून पाहिलेली होती.

[दृश्य : पैठण, गोदाकाठ. मग तेर, जुन्या विटांचं बांधकाम.]

त्याही आधीची गोष्ट. पहिल्या शतकातलं एक ग्रीक प्रवासवर्णन सांगतं की भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणचे सुलेमानी दगड आणि तेरचं कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचं. त्याच बंदरावर जहाजांतून वाइन उतरायची, आणि लिहिणारा बारकाईनं नोंदवतो : इटलीची जास्त पसंत, शिवाय सीरियातल्या लाओडिकियाची आणि अरबस्तानची. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मालाच्या बाजारपेठेत कुठली वाइन कुठली, हे ओळखून भाव करणारे लोक होते.

[दृश्य : देवगिरीचा किल्ला, पायथ्याची शेतं.]

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेत आला. त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात, वर्षातून दोनदा.

[दृश्य : कडवंची, जालना तालुका. शेततळी, त्यांच्यामागं द्राक्षबागा. फेब्रुवारीतले भरलेले घड.]

द्राक्षवेल इथं कशी तगते, हे आज बघायचं तर कडवंचीला यावं. डोंगर-उताराचं, पाणी न ठरणारं हे शिवार. पाणलोटाची कामं झाली, शेततळी झाली आणि बागा उभ्या राहिल्या. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. पीक मात्र एकच.

ही सगळी खायची द्राक्षं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. मणी फुगावा म्हणून घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतात. वाइनचं द्राक्ष याच्या उलट असतं. मणी लहान, साल जाड, आत बी, कारण रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून आणि बीतून. आपल्या वर्गातल्या बागायतदाराला हे आधीपासून ठाऊक होतं. तो द्राक्षातली साखर रोज ब्रिक्स या एककात मोजतो. वर्गात बसल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, तो आंबटपणाचा.

[ध्वनी : "साखर वाढली की आंबट उतरतं. मग तोडायचं कधी, ते ठरवतं कोण?"]

वाइन बनवणाऱ्याचा सगळ्यात अवघड निर्णय हाच आहे. तोड लवकर केली तर वाइन कोवळी, उशीर झाला तर जड आणि सपक. मराठवाड्याच्या उन्हात आंबटपणा भराभर उतरतो. दादांनी ते वेलीवर पाहिलेलं होतं, आता ग्लासात ओळखलं.

[दृश्य : तवा. ज्वारी, गहू, डाळी आणि मसाले एकेक करून भाजले जातात. धूर.]

येसर. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात याचा वास सांगावा लागत नाही. धान्य, डाळी, मसाले वेगवेगळे भाजायचे, दळायचे, आणि मग आमटी. ताईंनी ही वाटी बिअरसाठी ठेवलीय.

[दृश्य : तीन ग्लास. फिकट सोनेरी, तांबूस, काळा.]

बिअरचा पाया म्हणजे माल्ट. बार्ली भिजवून मोड आणायचे आणि वाळवायची. नाचणीचं सत्त्व करताना आपण जे करतो तेच. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. तो माल्ट किती भाजला, त्यावर बिअरचा रंग आणि अर्धी चव ठरते. कमी भाजला तर पावासारखा वास, आणखी भाजला तर काकवी, करपायच्या बेताला नेला तर कॉफी. काळ्या बिअरच्या ग्लासावरून नाक उचलून एका काकूंनी सरळ कडेच्या वाटीकडं बोट दाखवलं.

[दृश्य : काकूंचं बोट. हसू. निवेदन नाही.]

मग हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा, आणि बिअर आंबवणारं यीस्ट. काही गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं की लवंग नसते, दोन्ही यीस्टची करामत. लोण्याचा वास मात्र फिकट बिअरमध्ये आला तर तो दोष धरतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी झाली, ती प्राणवायूनं खाल्ली. आणि हे सगळं कळायला बिअर बर्फगार असून चालत नाही. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस अंशांत बाटली कितीही थंड असली तरी कमीच वाटते. पण अतिगार बिअरचा वास दबलेलाच राहतो. ताई ग्लास भरून थोडा वेळ तसाच ठेवायला लावतात.

[दृश्य : जायकवाडी. दुष्काळातली भेगाळलेली काठाची जमीन – संग्रहातलं चित्रण.]

बिअरचा मोठा भाग पाणी असतो, आणि इथं ते जायकवाडीचं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपातीचा आदेश दिला आणि ती 60 टक्क्यांपर्यंत गेली. दारूनं घरं उद्ध्वस्त झालेली गावं याच विभागात आहेत, हेही खरं.

[दृश्य : वर्गाचा शेवटचा तास. प्रत्येकासमोर तीन ग्लास, खाली अंक.]

शेवटी परीक्षा. तीन ग्लास : दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला, एवढंच सांगायचं. बिअरच्या कारखान्यांतही चाखणाऱ्यांना अशीच कसोटी देतात. तिन्ही ग्लासांत एकाच कंपनीची, एकाच तारखेची बिअर आहे. फरक इतकाच की हिरव्या काचेची एक बाटली ताईंनी सकाळी गच्चीवर उन्हात ठेवली होती.

[दृश्य : काका पहिला ग्लास हुंगतात. दुसरा. तिसरा. पुन्हा दुसरा.]

[ध्वनी : काका – "दोन नंबर. हिंगाच्या डबीचं झाकण उघडल्यासारखं येतंय."]

बरोबर. ऊन लागलं की हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात आणि त्यातून गंधकाचं एक उग्र संयुग तयार होतं. फार थोडं असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी काच अडवत नाही.

[ध्वनी : काका – "म्हणून आमच्याकडं तपकिरी बाटली होती तर! इतकी वर्षं हाताळली, कुणी सांगितलं नाही."]

[दृश्य : संध्याकाळ. दुकानाचं काउंटर. काका बाटली हातात घेऊन लेबलवरची तारीख वाचतात, परत देतात, फडताळातल्या आतल्या बाटलीकडं बोट करतात.]

काउंटरवरची, उन्हातली नको. आतली द्या.