जमिनीवरची जहाजं

श्रोतेहो, नमस्कार.

लोणावळ्याला समुद्र नाही. घाटमाथा आहे, धुकं आहे, कोसळणारा पाऊस आहे. तरीही तिथे ‘आय.एन.एस. शिवाजी’ आहे; आय.एन.एस. म्हणजे ‘इंडियन नेव्हल शिप’, भारतीय नौदलाचं जहाज. आपल्या नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ घडवणारी ही संस्था फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती नौदलाच्या दप्तरी जहाज म्हणूनच वावरते. तिथल्या फरशीला डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली म्हणतात.

असं का, याचं उत्तर ब्रिटिश नौदलाच्या कायद्यात आहे. खलाशाचं नाव एखाद्या जहाजाच्या पटावर असेल, तरच त्याला नौदलाची शिस्त लागू होई. १८६६ च्या कायद्यानं हे पक्कं केलं. मग किनाऱ्यावरच्या बराकीत राहणाऱ्या, शाळेत शिकणाऱ्या माणसांचं काय करायचं? तोडगा सरळ निघाला: बराकीलाच जहाज ठरवायचं, नाव द्यायचं आणि माणसं तिच्या पटावर घ्यायची.

या कायद्याच्या कितीतरी आधीची एक हकिकत मला फार आवडते. कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक या फ्रेंच बेटाजवळ डायमंड रॉक नावाचा सुळका आहे, पावणेदोनशे मीटर उंच, चहूबाजूंनी पाणी. १८०४ च्या जानेवारीत ब्रिटिशांनी दोरखंड लावून त्यावर तोफा चढवल्या, शंभरेक माणसं ठेवली आणि त्या खडकाचीच युद्धनौका म्हणून नोंद केली. सुळक्यावरून त्यांनी जवळपास दीड वर्ष फ्रेंच जहाजांची वाट अडवली. शेवटी जून १८०५ मध्ये मोठं आरमार चालून आलं. पाणी आणि दारूगोळा संपत आला आणि कमांडर मॉरिस यांना खडक सोडावा लागला. पुढे रिवाजाप्रमाणे आपलं ‘जहाज’ गमावल्याबद्दल त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. ते सन्मानानं सुटले.

हीच पद्धत हिंदुस्थानात आली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांनी संप पुकारला, तो जिथे पेटला ते ‘तलवार’ही कुलाब्यातलं, जमिनीवरचंच जहाज. तिथे संदेशवहनाचं शिक्षण मिळे. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांनी पोरं कावली होती. तीन दिवसांत प्रकरण गोळीबारापर्यंत गेलं. फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्सना लष्करानं वेढा घातला आणि आतल्या नौसैनिकांनी उलट गोळ्या झाडल्या.

या कॅसल बॅरॅक्सपाशी आपण जरा थांबू या. कारण माझ्या मते महाराष्ट्रातल्या सगळ्या लष्करी नावांत सर्वांत अर्थपूर्ण नाव इथलं आहे. हा जुना मुंबईचा किल्ला, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या कारभाराचं ठाणं. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, १७१८ मध्ये, मुंबईहून कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यावर आरमार गेलं आणि हात हलवत परतलं. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन इंग्रज अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, तिथेही त्यांचं काही चाललं नाही. कंपनीच्या कागदांत कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलं गेलं. पण साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी ज्यांचं सरखेलपद मान्य केलं, ते आरमाराचे अधिपती होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तकाचे, म्हणजे परवान्याचे, पैसे घेणं हा त्यांचा हक्क होता. १७२९ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत इंग्रजांना त्यांचं आरमार मोडता आलं नाही.

ब्रिटिश अमलात या किल्ल्यातल्या नौदल तळाचं नाव होतं ‘डलहौसी’. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलचं हे नाव. स्वातंत्र्यानंतर, सप्टेंबर १९५१ मध्ये ते पुसलं गेलं आणि तळ झाला ‘आय.एन.एस. आंग्रे’. सातारा बुडवणाऱ्याच्या जागी साताऱ्याचा सरखेल आला, तोही नेमका त्याच किल्ल्यात! ज्यांना हे सुचलं, त्यांना इतिहासाची उत्तम जाण होती, असं मी मनापासून म्हणेन.

मुंबईतल्या कुलाब्याच्या ‘आय.एन.एस. कुंजली’मागेही अशीच जाण आहे. पोर्तुगीजांशी झुंजलेल्या मलबारच्या कुंजली मरक्कारांचं ते नाव. त्यांच्यातल्या चौथ्या कुंजलींना पोर्तुगीजांनी १६०० मध्ये गोव्यात नेऊन ठार मारलं.

मुंबईत टाउन हॉलच्या मागच्या बाजूला गेलात, तर ‘आंग्रे’ची भिंत दिसेल. तळ नौदलाचा असल्यामुळे आत सहज जाता येत नाही. पण तिथे जुन्या किल्ल्याचा दरवाजा अजून उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना पोर्तुगीज शिपाई कोरलेले आहेत.

नमस्कार.