शिक्का शेवटी बघा

(लष्कर, ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, ग्वाल्हेरात छोट्या आगगाडीबद्दल बोलायचं तर लांबलचक प्रस्तावना लागत नाही. जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, घरी पाहुणे आले की त्यांनाही नेऊन दाखवलेली आहे. पाहुण्याने डब्यातली काचेची सुरई उचलली की गाडी थांबायची, सुरई जागेवर ठेवली की पुढे निघायची. माधवराव शिंदे महाराजांना रेल्वेची अशी ओढ होती, की दोन फुटी रुळांची लाइट रेल्वे याच संस्थानात उभी राहिली आणि तिची श्योपूरपर्यंतची जवळपास २०० किलोमीटरची वाट २०२० पर्यंत चालू होती. त्या गाडीत बसलेली माणसं या सभागृहातही आहेत.

आज विषय आहे खेळण्यातल्या जुन्या गाड्यांचा, त्यातल्या अस्सल कोणत्या आणि नंतर केलेल्या प्रतिकृती कोणत्या याचा. आपल्याकडच्या वाड्यांमधून, माळ्यावरच्या ट्रंकांमधून अशी इंजिनं अजून निघतात. कुणी आजोबांनी मुंबईहून आणलेलं असतं, कुणाला दरबारातून मिळालेलं असतं. लोक ते माझ्याकडे आणतात, उलटं करतात आणि तळाशी बोट ठेवून सांगतात, "हे बघा, इथे नाव आहे." माझं सगळं सांगणं याच बोटाभोवती आहे. नाव शेवटी बघा. वस्तूत सगळ्यात सोपी नक्कल कशाची होत असेल, तर नावाची. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी जुन्या कंपन्यांची नावं, क्रमांक, बोधचिन्हं आज नव्याने छापलेली मिळतात, उघडपणे मिळतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर होतं ते चौथ्या हाताला, जेव्हा ते नाव नवं आहे हे सांगायचं राहून जातं.

थोडा इतिहास लागेल. जर्मनीतल्या गोपिंगेनच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत रुळांसकट वाढवत नेता येणारी चावीची गाडी मांडली आणि दोन रुळांमधल्या रुंदीला क्रमांक दिले. एक क्रमांकाची रुंदी ४५ मिलिमीटर, शून्य क्रमांकाची ३२. न्यूरेंबर्गचे बिंग बंधू, नॉर्दॅम्प्टनचे बॅसेट-लोक, अमेरिकेतले लायोनेल हे त्याच काळातले. १९२० साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी, मेकॅनो हा नट-बोल्टने जोडायचा खेळ काढणाऱ्या हॉर्नबींनी, चावीच्या गाड्या काढल्या. पहिल्या हॉर्नबी गाड्या मेकॅनोसारख्याच नट-बोल्टने जोडलेल्या होत्या, म्हणजे मोडलेला भाग मुलाला स्वतः बदलता यायचा. पुढे पत्र्याच्या पाकळ्या खाचेत घालून वळवायची पद्धत आली. हे लक्षात ठेवा, कारण जोडणी हाच पहिला पुरावा.

माझ्या हातात ही दोन इंजिनं आहेत. दोन्ही ३२ मिलिमीटरची, दोन्ही लालसर, दोन्हींवर एलएमएस ही एका ब्रिटिश रेल्वे कंपनीची अक्षरं. पुढे बसलेल्यांना सांगतो, लांबून यातलं जास्त देखणं आहे ते अस्सल नाही. आता जवळ आणा. हे डावीकडचं. चावी जिथे लागते त्या भोकाभोवती रंग गेलाय, कारण पोराच्या हातातली चावी तिथेच घासायची. चिमणीमागे, जिथे बोटांनी उचललं जायचं, तिथे कडा उघड्या पडल्यात आणि उघडा पत्रा हळूहळू काळपट झालाय. पण चिमणीच्या बुडाशी, जिथे बोट जातच नाही, तिथे रंग शाबूत आहे. उजवीकडच्यावरही खरचटे आहेत, पण ते सगळीकडे सारखे आहेत, आत खोबणीतसुद्धा. खेळणाऱ्या हाताच्या जागा ठरलेल्या असतात. मुद्दाम केलेल्या झिजेला त्या ठाऊक नसतात.

आता उलटं करा. पाकळ्या बघा. एकदा वळवलेली पाकळी परत सरळ करून पुन्हा वळवली, की वळणावर रंग तडकतो आणि धातूची ताजी रेघ दिसते. म्हणजे गाडी उघडली गेली होती. उघडणं हा गुन्हा नाही, स्प्रिंग बदलायलाही उघडतात, पण मग विचारायचं, आत काय बदललं? उजवीकडच्या इंजिनात यंत्र बसवलेल्या स्क्रूच्या डोक्यावर चौफुली आहे, आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो. तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वापरात आला. १९२५ च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या इंग्रजी इंजिनात तो मूळचा असूच शकत नाही.

एलएमएस या अक्षरांचंही तसंच. ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्या १ जानेवारी १९२३ पासून चार मोठ्या कंपन्यांत गोळा झाल्या, एलएमएस त्यातली एक, आणि १९४८ मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. कुणी एलएमएसचं इंजिन १९२० चं म्हणून दाखवलं, तर भिंगही काढायची गरज नाही. सोयरीक जुळवताना आपल्याकडे पाहुणे मामाला वेगळं विचारतात, शेजाऱ्याला वेगळं, आणि उत्तरं ताडून बघतात. इंजिनाचंही तसंच करा. रंग, स्क्रू, चाकं, अक्षरं, डाख, सगळ्यांना त्यांचं वय वेगवेगळं विचारा. अस्सल वस्तूत ती वयं जुळतात, नाहीतर न जुळण्याचं साधं कारण सापडतं.

चाकांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फार हळहळतात. १९३० च्या दशकातल्या बऱ्याच खेळण्यांची चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव असत. त्या जस्तात शिशाचा अंश राहिला, अगदी थोडासाही, तर धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत गंज धरतो. चाक फुगतं, भेगा पडतात, एक दिवस हातात तुकडे येतात. दमट हवा आणि उष्णता हे काम लवकर करतात, आणि आपल्या ग्वाल्हेरात मे महिना नि श्रावण दोन्ही कसे असतात ते वेगळं सांगायला नको. यावर इलाज नाही. पुढे अशा ओतकामाला ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरायचं ठरलं ते याच कारणाने. म्हणून त्या काळच्या इंजिनाला नवी चाकं बसवलेली दिसली तर नाक मुरडू नका. विकणाऱ्याने आपणहून सांगितलं तर त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. आणि भेगाळलेली जुनी चाकं निघाली तर ती फेकू नका, डबीत घालून इंजिनाबरोबर ठेवा. तीही त्या इंजिनाचा पुरावा आहेत.

छापील पत्र्याच्या डब्यांना मात्र भिंग हवंच. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी लावतात तसलं. जुन्या शिळाछापाच्या पत्र्यावर बहुधा प्रत्येक रंग वेगळा, सलग दिलेला असतो आणि छटा हवी तिथे हाताने टाकलेले अनियमित ठिपके असतात. नव्या प्रतिकृतीवर बरेचदा चार रंगांच्या ठिपक्यांची ठरावीक नक्षी दिसते, मासिकातल्या फोटोवर दिसते तीच. एकदा ओळखायला शिकलात की पुढे चूक होणार नाही.

खोकंही तपासा, कारण जुन्या खोक्यामुळे किंमत पुष्कळ वाढते आणि म्हणून खोकीही नव्याने बनतात. अतिनील दिव्याखाली, नोटा तपासायचा असतो तोच दिवा, खोक्याचा कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे. असा कागद दुसऱ्या महायुद्धानंतरच रुळला. १९३५ चं खोकं चमकता कामा नये.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की मी प्रतिकृतींच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मेर्क्लिन आणि लायोनेल या कंपन्यांनी स्वतःच आपल्या जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती काढल्या आहेत. ज्याला गाडी चालवायची आहे, नातवाबरोबर जमिनीवर रूळ मांडून खेळायचं आहे, त्याने प्रतिकृतीच घ्यावी. मला राग येतो तो प्रतिकृतीच्या तळाचा शिक्का कानशीने घासणाऱ्याचा. म्हणून तळावर गुळगुळीत, आजूबाजूपेक्षा उजळ चकती दिसली की तिथे बोट फिरवून बघा.

आणि त्याहून जास्त वाईट वाटतं ते रंगवण्याचं. लष्कर भागातल्याच एका घरातून आलेलं इंजिन मी पाहिलं, घरच्यांनी मोठ्या मायेने ते रंगाऱ्याकडून चकचकीत करून आणलं होतं. पत्रा मूळचा, यंत्र मूळचं, चावीसुद्धा मूळची, आणि नव्वद वर्षांचा रंग खरवडून टाकलेला. नकली वस्तू कुणी आणली तर मी तसं सांगू शकतो. पण अस्सल वस्तूतलं अस्सलपण पुसलं गेलं की ते परत आणायची युक्ती कुणापाशीच नाही.

तेव्हा घरी काही सापडलं तर रंगकाम नको, ब्रासो नको, चिंच-लिंबू तर मुळीच नको. मऊ कुंचल्याने धूळ झाडा. चावी लगेच पूर्ण भरू नका, आतलं वंगण वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि जुनी स्प्रिंग तुटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट कोंडतं. सुती कापडात गुंडाळा, भिंतीच्या कपाटात न ठेवता आतल्या कोरड्या खोलीत ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून चाकं बघा. ज्यांनी आज पिशव्यांतून काही आणलंय, त्यांनी पुढे यावं. टेबलावर भिंग आहे, दिवा आहे. तळ सगळ्यात शेवटी बघू.