इगर्जीचा मेस्त्री

मराठीत आपण सुताराला, गवंड्याला मिस्त्री किंवा मेस्त्री म्हणतो. शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ गुरू, उस्ताद. गोव्यात हाच शब्द आणखी एका माणसाला लागला. इगर्जीला, म्हणजे चर्चला, जोडलेल्या शाळेत पोरांना गाणं आणि रेबेक, म्हणजे व्हायोलिन, शिकवायचं आणि रविवारी तीच पोरं घेऊन मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, उभं राहायचं, हे त्याचं काम. त्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. आज मला तो रोज नेमकं काय करत होता त्याबद्दल बोलायचं आहे.

या शाळांची परंपरा 16व्या शतकापासूनची. दोतोर्न म्हणजे धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि गाणं, असा तिचा अभ्यासक्रम. गाणं त्यात हौसेखातर नव्हतं. गायलेलं लक्षात राहतं हे धर्मोपदेशकांना चांगलं कळत होतं. 1616 साली रायतूरला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, ते याच कारणाने. (छापलं मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते.)

आता वर्गात जाऊ. मेस्त्रीचा पहिला नियम असा, की सोल्फेज पक्कं झाल्याशिवाय वाद्य हातात द्यायचं नाही. सोल्फेज म्हणजे कागदावरचे स्वर त्यांच्या नावांनी, तालात, बिनवाद्याने म्हणणं. दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. आपल्याला वाटतं, हे सारेगमच. तसं नाही. आपला सा गळ्याला सोयीचा पडेल तिथे धरता येतो. पोर्तुगीज पद्धतीतला दो जागचा हलत नाही. पाच रेघांवर जिथे तो लिहिला, तिथेच तो वाजतो. म्हणून या पोराला आधी जागा पाठ करावी लागे. कुठली रेघ, कुठली दोन रेघांमधली पोकळी, आणि सुरुवातीला काढलेली खूण कुठल्या रेघेला सोल ठरवते. मग अंतरं. मी आणि फा यांच्यात अर्धा स्वर, सी आणि दो यांच्यातही अर्धा, बाकी सगळे पूर्ण. पुढचं निम्मं व्हायोलिन या दोन अर्ध्या अंतरांवर उभं आहे.

ताल हाताने. दोनाचा असेल तर हात खाली, वर. तिनाचा असेल तर खाली, बाहेर, वर. चाराचा असेल तर खाली, आत, बाहेर, वर. तोंडाने स्वराचं नाव, हाताने मात्रा, डोळे पुढच्या खान्यावर, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तालाच्या तुकड्यावर. ही तिन्ही कामं एकत्र जमेपर्यंत सुटका नाही.

बिघडतं ते इथेच. चांगल्या कानाचं पोर शेजाऱ्याचं ऐकून चौथ्या दिवशी सगळा धडा बिनचूक म्हणतं, आणि कागद वाचत मात्र नसतं. हुशार पोरगा हा मेस्त्रीचा सगळ्यात मोठा धोका, असं म्हटलं तरी चालेल. यावर उपाय साधे आहेत. धडा मधल्याच खान्यापासून सुरू करायला लावायचा, शेवटून उलटा म्हणायला लावायचा, किंवा ओळखीची चाल निराळ्या पट्टीत लिहून समोर ठेवायची. पाठांतर असेल तर ते तिथल्या तिथे उघडं पडतं. छडीने ते कळत नाही, फक्त पोर घाबरतं. छडी सर्रास चाले, हे झाकण्यात अर्थ नाही.

मग रेबेक. तारा चार: जाडीकडून बारकीकडे सोल, रे, ला, मी. फिंगरबोर्डवर पडदे नाहीत, त्यामुळे बोटाची जागा कानानेच ठरते. ला या तारेवर पहिलं बोट सीवर आणि दुसरं त्याला जवळजवळ चिकटून दोवर पडायला हवं, कारण मधलं अंतर अर्ध्या स्वराचं. नवशिक्या सगळी बोटं सारख्या अंतरावर ठेवतो आणि दो चढा लागतो. सोल्फेजमध्ये सी-दो घोटलेल्या पोराला ही चूक ऐकू येते, इतरांना बोट दाखवून सांगावं लागतं. वाद्य उशिरा देण्याचं कारण हेच.

पावसाळा हा वेगळा विषय. दमट हवेने सरस मऊ पडतो आणि व्हायोलिनच्या पोकळ पेटीचे सांधे सुटतात. खुंट्या फुगून अडकतात. मग खुंटीला थोडा खडू आणि थोडा साबण. गजाचे केस सैल पडतात. वाजवून झाल्यावर गजाचा स्क्रू सैल न केल्यास काठीची बाकच जाते.

शिकलेलं पोर उभं राहायचं ते बहुधा लादिनीला. घरच्या अल्ताराशी, म्हणजे देव्हाऱ्याशी, किंवा वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, गायची ही मारियेची लितानी, म्हणजे नामावळीची प्रार्थना. आरंभी किरिये म्हणजे दयेची याचना, मग एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. बघायला सोपं, पण तोच प्रतिसाद पन्नासवर वेळा देताना गळा थकतो, सूर हळूहळू उतरतो, आणि सुरात पक्कं असलेलं व्हायोलिन एकटं वर राहतं. म्हणून मेस्त्री नाव घेणारे आणि प्रतिसाद देणारे निराळे ठेवी, दुसरा आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडी, आणि मधूनमधून वाद्याने मूळ स्वर देई. शेवटी उकडलेले चणे आणि मोठ्यांना फेणी. पोरं येत, त्यात चण्यांचाही वाटा असावा.

कोरेज्मा म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ आला की मोतेत, म्हणजे अनेक आवाजांत गायचं भक्तिगीत. त्यासाठी तीन-चार आवाज, व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबलबेस. ऑर्गन या दिवसांत गाण्याला आधार देण्यापुरता, आणि पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर पास्कच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणातल्या ग्लोरियापर्यंत पूर्ण बंद. आधाराशिवाय गाणारा कॉयर, म्हणजे गायकवृंद, आपल्या मेस्त्रीची वर्षभराची मेहनत उघडी करतो. त्यातच बारा-तेराव्या वर्षी पोराचा आवाज फुटतो, नेमका सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज, घोटून झाल्यावर. शहाणा मेस्त्री प्रत्येक वरच्या आवाजासाठी एक लहान पोर मागे तयार ठेवी आणि आवाज फुटलेल्याला गाण्यातून काढून व्हायोलिनवर बसवी.

या सगळ्यासाठी कागद लागत, आणि ते हाताने उतरवावे लागत. प्रत्येक आवाजाचा, प्रत्येक वाद्याचा कागद निराळा. नकलेतली नेहमीची चूक स्वराची नसते, मोकळ्या खान्याची असते. गप्प राहायचा एक खाना उतरवायचा राहिला की तो आवाज पुढे सबंध वेळ एक खाना आधी येतो. तालमीत दोष पोरांना दिला जातो आणि चूक कागदात असते. ओळीच्या शेवटी खान्यांची बेरीज लिहिली की ती सापडते.

वर्गात मुली नसत. घर सधन असेल तर मुलगी घरी पियानो शिके, नाहीतर काहीच नाही. कोनफ्रारियांमध्ये, म्हणजे इगर्जीच्या भक्तमंडळांमध्ये, जातीची उतरंड होती. मात्र सोल्फेजच्या फळ्यापुढे गरीब घरचं पोर पुढे गेलं, तर ते रोखणं अवघड होतं.

हीच पोरं मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोव्याच्या गावागावांच्या वसतिगृहांत, राहिली, आणि बँड, हॉटेलांची ऑर्केस्ट्रा, मग चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरली. वाजवणारे मुंबईत पुष्कळ होते. समोर ठेवलेला कागद पहिल्याच वेळी वाचणारे थोडे होते. स्टुडिओचं भाडं तासावर मोजलं जातं, तिथे या एका कौशल्याला किंमत आली. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तिथल्या इगर्जीत कॉयर चालवत. पुढे अँथनींकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. आपण मराठी माणसं जी गाणी गुणगुणतो, त्यांतल्या कित्येकांच्या व्हायोलिनमागे असा एखादा वर्ग आहे.

वर्ग ओस पडले त्याचं खापर गिटारवर फोडायची सवय आहे. मला ते पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. कोंकणी गाणं आलं, लोक गाऊ लागले, हे चांगलंच झालं. पण सगळ्यांनी मिळून गायचं ते एका आवाजात, ऐकून शिकता येण्याजोगं. चार आवाजांच्या लॅटिन कागदाची गरज संपली, आणि कागद वाचायला शिकवणाऱ्याचीही. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावर शाळा वाढल्या, पोरांची संध्याकाळ अभ्यासाला गेली, ते निराळं.

उरलेत ते कागद, पेट्यांत, कोठीत. तुमच्यापैकी कोणाकडे असतील तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. जुन्या लोहयुक्त शाईने कागद आतून खाल्लेला असतो, म्हणून घडी पडली असेल तिथे जोर न देता उघडा. सपाट ठेवून, तिरप्या उजेडात नव्हे तर सारख्या उजेडात फोटो काढा. एकाच मोतेतीचे सगळे आवाज एका पाकिटात ठेवा आणि एखादा सापडत नसेल तर पाकिटावर तसं लिहा. गाव आणि फेस्त, म्हणजे कोणता सण, ते टिपा. पानाची मागची बाजूही फोटोत घ्या, कारण मुलांची नावं लिहिलेली असली तर बहुधा तिथेच असतात.