छपरीतली बालवाडी

(दृश्य : टिनाच्या छपरीत चिंचेचा ढीग. आजी, सून, शेजारच्या दोन बाया. मध्ये नात.)

मे महिना, वर्धा जिल्हा. हिंगणघाटकडचं कापूस पिकवणारं गाव. सकाळी दहानंतर रस्त्यावर कोणी दिसत नाही. पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावरं नांगरून पडली आहेत. बाया छपरीत बसून वर्षाची चिंच फोडताहेत.

त्यांच्यात बसलेली ही नात चार वर्षांची आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा ती बालवाडीत बसेल. तिच्यासाठी अजून ना पाटी आणली ना अंकलिपी. तयारी मात्र जोरात सुरू आहे.

(दृश्य : हातांचा जवळून शॉट.)

तिच्या बोटांकडे पाहा. वरचं टरफल आजीनं काढून दिलंय. गरात रुतलेला चिंचोका ती अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटानं ओढते आहे. दोन बोटं आत मुडपलेली. चिंचोका निसटतो. ती पकड बदलते, नख लावते, आणि तो टुणकन बाहेर येतो.

पुढे पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ लहान हाडं असतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली बरीच अजून कूर्चेच्या रूपात असतात, त्यांची हाडं व्हायला आणखी काही वर्षं जातात. अशा हाताला चार रेघी वहीत पानभर अक्षरं गिरवायला लावायची घाई आज गावोगाव दिसते. सकाळी कॉन्व्हेंटची गाडी येते, संध्याकाळी लेकरू गृहपाठ घेऊन परततं, आणि आईबापांना वाटतं, अभ्यास सुरू झाला. त्या हाताला आधी चिंच फोडू द्या. कणिक मळू द्या, शेंगा सोलू द्या, संत्र्याची साल काढू द्या.

(दृश्य : पायरीचा दगड. आजी चिंचोका घासते आहे.)

आता ढिगातले चार मोठे चिंचोके वेगळे निघालेत. आजी दगडावर पाणी शिंपडते आणि एकेक घासते. एका बाजूचं टरफल झिजतं, आतला पांढरा भाग दिसू लागतो. दुसरी बाजू तशीच राहते, काळी, चकचकीत. झाले फासे. विटेच्या तुकड्यानं फरशीवर पट आखला जातो, पाच आडव्या आणि पाच उभ्या ओळींचा, पंचवीस घरांचा. अष्टा-चंगा.

नियम सोपा. जेवढे पांढरे वर, तेवढी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चंगा, म्हणजे चार. चारही काळे पडले तर अष्टा, म्हणजे आठ.

पोर पहिले काही डाव बोट लावून मोजते. एक, दोन, तीन. मग बोट लावणं आपोआप सुटतं. फासे पडल्या पडल्या ती ओरडते, “तीन!” न मोजता नजरेनं संख्या ओळखणं ही गणिताची फार मोलाची पायरी आहे, आणि ती घोकून येत नाही.

पुढची पायरी सोंगटीची. तोंडानं तीन म्हणून झालं, हात मात्र चौथ्या घरात गेला. आजी थांबवते, “अवं, तोंड तीन म्हणते अन् हात चारवर जाते! पुन्हा चाल बरं.” पोर सोंगटी मागे आणते आणि प्रत्येक घरावर ठक करून टेकवते. एका आकड्याला एक घर. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला “पाच चिंचोके दे” म्हटलं की ते मूठभर उचलून देतं, हे बालवाडीच्या ताईंनी कितीदा तरी पाहिलेलं असतं. आजीच्या पटावर तसं चालत नाही. आणि हरल्यावर रुसून न बसता दुसऱ्याची पाळी येऊ द्यायची, हेही इथंच अंगवळणी पडतं.

एक गोष्ट नक्की पाळा. चिंचोके, हरभरे, तुरीचे दाणे लहान मुलं नाकात-कानात घालतात, तोंडात टाकतात. मोठं माणूस शेजारी हवंच. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर खेळ संपल्यावर दाणा न् दाणा उचलून ठेवायचा.

(दृश्य : सेवाग्राम आश्रम, कुटीसमोरचं अंगण.)

हे शिकणं विदर्भाला परकं नाही. सेवाग्राम इथून फार लांब नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातांनी काम करत शिकण्याची नई तालीम देशापुढे आली. १९४५ साली सेवाग्रामच्या परिषदेत ती आणखी विस्तारली. सात वर्षांखालच्या मुलांचं पूर्व बुनियादी शिक्षण तिच्यात आलं, आणि त्याची सुरुवात घरापासून धरली गेली.

त्याच वर्षी तिकडे कोकणपट्टीत, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच साधनं केली. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर वर्गच वस्तीच्या अंगणात नेला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली, खेळातून शिकण्याची. इतकी वर्षं जाणती माणसं हेच सांगत आली आहेत. तरी आपण लेकराच्या हातात आधी वहीच ठेवतो, याचं आम्हांला मनापासून वाईट वाटतं.

(दृश्य : पहाट. सडा घातलेलं अंगण, ठिपके.)

उन्हाच्या आधीचं अंगण. आईनं ठिपके काढून दिलेत, पोरीनं ते जोडायचे. चिमटीतून रांगोळी सोडायची तर बोटं किती आवळायची, किती सैल करायची, हे हाताला कळावं लागतं. जास्त सुटली की ढीग, कमी सुटली की रेघ तुटते. आडवी रेघ, उभी रेघ, तिरपी, गोल. देवनागरीचं कोणतंही अक्षर याच वळणांचं बनतं. चुकलं तर हातानं पुसायचं आणि पुन्हा सोडायचं.

धुऱ्यावर गेलं की पळस आहे. एका देठाला तीन पानं, कुठलाही देठ तोडा. दोन देठ म्हणजे किती? ती बसते आणि मोजते.

(दृश्य : रात्र. अंगणात बाजा टाकलेल्या. आवाज जास्त, चित्र कमी.)

वाचायला शिकायचं तर आधी कान तयार व्हावा लागतो. शब्दाचे तुकडे ऐकू यावे लागतात. बाजेवर पडल्या पडल्या टाळ्यांचा खेळ चालतो. बै-ल, दोन टाळ्या. वा-व-र, तीन. को-थिं-बी-र, चार. मग आजी अवघड डाव टाकते, “वावरातला ‘वा’ काढून घेतला, तर काय उरलं?”

पोर गप्प. ओठ हलतात. मग तिचं बोट आभाळाकडे जातं. “वर!”

अक्षर एकही न दाखवता तिनं शब्द मोडून पाहिला. पुढे बाराखडी समोर येईल तेव्हा हा कान कामी येतो. आणि हे सगळं घरच्या वऱ्हाडी बोलीत चालतं, ते तसंच चालू द्या. “असं नको बोलू, शुद्ध बोल” म्हणून लेकराचं तोंड बंद करू नका. शाळेतली भाषा ते शाळेत शिकतंच, पण बोलायची हिंमत घरून न्यावी लागते.

(दृश्य : फाट्यावर एसटी येते.)

बसची पाटी, बिस्किटाचा पुडा, बियाण्याची थैली, भिंतीवरचं कॅलेंडर. अक्षरं घराभोवती आहेतच. एसटी थांबली की पोर आजीचा पदर ओढते. पाटीवर ‘हिंगणघाट’ आहे आणि त्यातला ‘ह’ तिच्या नावातही आहे. “आजी, माह्या ‘ह’!”

चपला स्वतः घालणं, डबा उघडणं, शी-शू वेळेवर सांगणं, आईशिवाय तासभर राहणं, ही तयारीही घरीच होते. रोज थोडी, न रागावता.

(दृश्य : अंगणवाडीचं दार, मुलं.)

अशी मुलं लवकर रुळतात, असं अंगणवाडीच्या ताई सांगतात. ज्या घरी आजी नाही, आई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते, तिथं संध्याकाळची अर्धी घटका तरी काढावी लागते. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा लेकराला देता येतो. पाणी भरताना “किती गुंड्या झाल्या?” विचारता येतं.

शाळा उघडण्याआधी पालकांची सभा आहे. ताईंनी या वेळी बापांनाही बोलावलंय. प्रत्येकानं आदल्या रात्री लेकराला एक गोष्ट सांगायची, आणि लेकरानं मध्येच काय विचारलं ते सभेत येऊन सांगायचं.